आठ मीटरवरची अर्धी गाठ

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोरखोलीच्या खिडकीखाली लाकडी स्टुलावर बसून ताई साठ मीटरचा निळा दोर डाव्या मुठीतून उजव्या मुठीत सोडत होती. डोळे मिटलेले. दोर डोळ्यांनी तपासायचा नसतो, असं ती प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. डोळ्यांना रंग दिसतो, आतली जखम बोटांना कळते. अर्ध्याच्या थोडं पुढे तिचा अंगठा थांबला. तिथे दोर बोटभर मऊ लागत होता. तिने तो वाकवून पाहिला. धड दोर वाकवला की गोल वळतो. हा कागदासारखा मोडला. तिने त्या जागी लाल सुतळी बांधली आणि दोर दारामागच्या खुंटीवर टांगला. त्या खुंटीवर गेलेला दोर पुन्हा डोंगरावर जात नाही.

ताई बावन्न वर्षांची आहे. डोंगर चढायला आणि डोंगरातून धडधाकट परत यायला शिकवणाऱ्या या संस्थेत तिची सव्वीस वर्षं गेली. गाठी, दोर, कड्यावरची सुरक्षा आणि जखमी माणसाला खाली आणणं हे तिचे विषय. संचालकांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळे तिला ताई म्हणतात. खरं पाहता ती एकाच व्यक्तीची ताई आहे, आणि ती व्यक्तीही याच संस्थेत काम करते.

धाकटी बहीण तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ती मुख्य प्रशिक्षक. संस्था तिला मॅडम म्हणते. ताई एकटी तिला पिटू म्हणते आणि शक्यतो चारचौघांतच म्हणते.

पिटूला पहिली गाठ ताईने शिकवली, घराच्या जिन्याच्या कठड्याला कपड्यांची दोरी बांधून. पहिले बूट ताईने दिले, पुढे बोळे कोंबून. संस्थेत तिचा अर्जही ताईनेच भरला होता, आपल्या हस्ताक्षरात. ही यादी ताईला पाठ आहे. विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर हमखास सांगते.

यादी जिथे थांबते ती गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. संस्थेच्या मोठ्या मोहिमेत ताई शिखराच्या तीनशे मीटर खाली होती. हवा स्वच्छ, अंगात ताकद. तेवढ्यात दोरावरच्या जोडीदारणीने सांगितलं की पायाची बोटं आता थंडही लागत नाहीत. ताईने तिचा बूट काढायला लावला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. कुणीतरी तिला खाली न्यायला हवं होतं आणि दोरावर दोघीच होत्या. ताई तिला घेऊन उतरली. ती बाई आजही दहाही बोटांवर चालते. दोन वर्षांनी त्याच डोंगरावर धाकटी गेली आणि माथ्यावर पोचली. तिचा फोटो कचेरीच्या बोळात लावलेला आहे. हसरा चेहरा, भुवयांवर बर्फ. दोरखोलीत जायचं तर तो बोळ ओलांडावाच लागतो. कुणाला खाली उतरवल्याचा फोटो निघत नाही.

ताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याने या प्रकरणाचं निदान फार पूर्वी करून ठेवलंय. ‘‘अगं, तुझं घड्याळ बरोबर चालतं,’’ तो म्हणतो, ‘‘पण तू दर तासाला बहिणीचं बघून आपलं लावतेस. मग ते पुढे-मागे होणारच.’’

‘‘तुम्ही घड्याळांपुरतं बोला.’’

‘‘घड्याळापुरतंच बोलतोय.’’

आई ताईकडे राहते. शेजारीण आली की आई विचारते, ‘‘आमच्या धाकटीला पाहिलंत का परवा टीव्हीवर?’’ जेवते थोरलीकडे आणि गाते धाकटीचं, असं ताईचं म्हणणं. धाकटी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. ‘‘इथेही वरच,’’ असं ताई एकदा म्हणाली होती. नवरा हसला, ती हसली नाही.

यंदा मात्र गणित फिरायची शक्यता होती. संस्थेच्या मोठ्या अभ्यासक्रमाचा शेवट चार दिवसांच्या धारेने होतो. धार म्हणजे दोन्ही बाजूंनी तुटलेला डोंगराचा अरुंद माथा. त्यावरून बारा शिकाऊ चालतात, चढतात, तंबूत राहतात आणि त्यांचा एक प्रमुख असतो. गेली सहा वर्षं प्रमुख धाकटीच. पन्नाशी उलटलेल्या प्रशिक्षकाला दर दोन वर्षांनी भिंतीवर फेरतपासणी द्यावी लागते आणि ताईची फेरतपासणी या गुरुवारी होती. संचालकांनी महिनाभर आधी तिला बोलावून सांगितलं होतं, ‘‘ताई, गुरुवारी एकही दोष निघाला नाही, तर शुक्रवारी धारेवर तुकडी तुम्ही न्या. मॅडम इथली नवी तुकडी बघतील.’’

त्या महिन्यात ताईने साखर सोडली, दोन किलो वजन उतरवलं आणि बोळातून जाताना फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं. तिसरं काही जमलं नाही.

*

संस्थेत दोन रिवाज आहेत. ते ठाऊक नसतील तर गुरुवारी काय झालं ते कळणार नाही.

पहिला रिवाज जोडीच्या तपासणीचा. चढण्याआधी प्रत्येकाने आपली गाठ आपण बांधायची. ती जोडीदाराने नुसती बघायची नाही, तिला हात लावायचा, आणि मोठ्याने ‘पाहिलं’ म्हणायचं. ‘पाहिलं’ ऐकू आल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. शिकाऊ असो, प्रशिक्षक असो, संचालक असोत. हा नियम सव्वीस वर्षांपूर्वीही होता, पण हात लावायची अट ताईने घातली.

दुसरा रिवाज पाटीचा. रोज संध्याकाळी पाच वाजता सगळे अंगणातल्या काळ्या पाटीसमोर बसतात आणि ज्याची त्या दिवशी चूक झाली असेल तो उठून सांगतो. पाटीवर तीन रकाने आखलेले आहेत: काय झालं, तपासलं कुणी, का झालं. शिकाऊंना चुकीबद्दल काही होत नाही. प्रशिक्षकाची चूक गाठीची किंवा पट्ट्याची असेल तर तीस दिवस त्याने वर चढायचं नाही. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून इतरांच्या गाठी तपासायच्या.

चार वर्षांपूर्वी धाकटी पाटीसमोर उभी राहिली होती. कमरेच्या पट्ट्याचं टोक तिने बकलातून एकदाच ओवलं होतं, उलटं फिरवून ओढायचं राहिलं होतं. जोडीदाराने जमिनीवरच पकडलं. तिने चाळीस जणांसमोर सांगितलं, तीस दिवस खाली उभी राहिली आणि तिचं नाव झालं. मुख्य प्रशिक्षकच चूक सांगतात म्हटल्यावर लोक बोलायला लागले. तेव्हापासून पट्टा शेवटचा ओढण्याला संस्थेत ‘मॅडमची ओढ’ म्हणतात. प्रत्येक शिकाऊ चढण्याआधी ओरडतो, ‘‘मॅडमची ओढ झाली!’’

ताई हे दिवसातून चाळीस वेळा ऐकते. माणसं बरोबर वागून नाव कमावतात, हे तिला मान्य होतं. ‘‘पण चुकून नाव कमवायचं,’’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘हे फक्त आमच्या पिटूलाच जमतं.’’ तिचं स्वतःचं नाव पाटीवर एकदाही आलं नव्हतं. याचाही तिला अभिमान होता, पण त्यावरून कुणी कशाला तिचं नाव दिलं नव्हतं.

*

फेरतपासणी दहा वाजता सुरू झाली. परीक्षक बाहेरून आले होते. लठ्ठ, सर्दी झालेले गृहस्थ, हातात कागद लावलेली फळी. ताईचा दोर सांभाळायला मोठ्या तुकडीतली एक दातांची डॉक्टर दिली होती. तिशीतली, कामाला चोख, आणि ताईला मनापासून घाबरणारी. पहिल्याच दिवशी तिची गाठ बघून ताई म्हणाली होती, ‘‘असं टाके घालता का पेशंटला?’’ तेव्हापासून ती ताईसमोर जरा वाकूनच उभी राहायची.

कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायची गाठ आठाच्या आकाराची असते. आधी दोरात एक मोकळा आठ काढायचा, मग दोराचं टोक पट्ट्याच्या कडीतून ओवायचं आणि त्याच आठाच्या वाटेने माघारी फिरवायचं, शेजारी शेजारी, दोन रूळ असल्यासारखं. ते माघारी फिरवणं म्हणजेच गाठ. तोवर दोर नुसता ओवलेला असतो. लोंबकळलं की सरळ निघून येतो.

ताईने आठ काढला. टोक कडीतून ओवलं. तेवढ्यात धाकटी भिंतीजवळून गेली. तिचं तिथे काम नव्हतं; ती शेजारच्या भिंतीवर नव्यांना सामान वाटायला चालली होती. जाता जाता तिने डॉक्टरच्या हेल्मेटचा पट्टा नीट केला, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, ‘‘ताई, सावकाश. घाई नाहीये.’’

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘‘सावकाश कोण सांगतंय?’’ ती म्हणाली. ‘‘तुला चालायला शिकवताना मी हेच म्हणत होते.’’

‘‘म्हणून तर आठवलं गं.’’

‘‘हो का? मग हेही आठवत असेल की तेव्हा तू रोज पडायचीस.’’

धाकटी हसली. डॉक्टर हसली. परीक्षकही नाक पुसता पुसता हसले, आणि ते धाकटीकडे बघून हसले. हे ताईने टिपलं. ती त्यांच्याकडे बघत असताना हातांनी काम पुरं झालं असं धरलं आणि ते खाली आले. सव्वीस वर्षांत तिचे हात न सांगता गाठ पुरी करत आले होते. त्या दिवशी त्यांनी केली नाही.

‘‘तपासा,’’ ताई म्हणाली.

डॉक्टरने तिच्या कमरेकडे पाहिलं. दोर पट्ट्यात गेलेला दिसत होता. ‘‘पाहिलं,’’ ती म्हणाली. हात लावला नाही.

भिंत पंधरा मीटरची. आठ मीटरवर हाताएवढी रुंद पायरी आहे. तिथे पोचल्यावर परीक्षक खालून सांगतात, ‘‘दोरावर भार टाका,’’ आणि चढणाऱ्याने हात सोडून मागे रेलायचं असतं. वरून आलेला दोर माणसाला धरतो. ताई पायरीवर पोचली. परीक्षकांचा आवाज आला. तिने डावा हात सोडला आणि उजवा सोडण्याआधी, सवयीने, खाली कमरेकडे नजर टाकली.

दोराचं टोक कडीतून वीतभर बाहेर लोंबत होतं. वर मोकळा आठ.

तिने उजव्या हाताची पकड घट्ट केली. कमरेला लटकणारा छोटा पट्टा भिंतीतल्या कडीत अडकवला, म्हणजे आता हात सुटला तरी ती तिथेच राहणार होती. मग एका हाताने टोक माघारी फिरवलं. एक वळण, दुसरं वळण, ओढ. खालून तिची पाठ दिसत होती. दहा-बारा सेकंद गेले असतील.

‘‘काय झालं ताई?’’ परीक्षकांनी विचारलं.

‘‘काही नाही. नाक खाजत होतं.’’

छोटा पट्टा सोडून ती मागे रेलली. दोराने तिला धरलं. उरलेले सात मीटर ती इतकी सुंदर चढली की शेजारच्या भिंतीवरचे नवे लोक सामान घ्यायचं थांबवून बघत राहिले. बघणाऱ्यांत पिटूही होती.

सव्वाअकराला परीक्षकांनी कागदावर लिहिलं: दोष नाही.

*

संचालक कमी बोलतात. त्यांनी ताईच्या हातात धारेच्या नकाशाची गुंडाळी दिली आणि म्हणाले, ‘‘उद्या तुकडी तुमची.’’ ताईने नवऱ्याला फोन केला.

‘‘झालं?’’

‘‘झालं. एकही दोष नाही.’’

‘‘मग आवाज असा का? गजराचं घड्याळ बंद पडल्यासारखा?’’

‘‘दमलेय.’’

‘‘आईला सांगू?’’

ताईने नकाशाची गुंडाळी काखेत मारली. ‘‘सांगा,’’ ती म्हणाली. मागून आईचा आवाज आला, ‘‘अगबाई! मग धाकटी काय करणार आता चार दिवस?’’

दुपारी ताई सामान भरत होती, तेव्हा डॉक्टर दोरखोलीच्या दारात आली. हातात चहाचे दोन पेले.

‘‘ताई, अभिनंदन. मला तर इतकं दडपण आलं होतं! तुमची गाठ मी तपासायची म्हणजे सूर्याला टॉर्च दाखवायचा.’’

‘‘हात लावलात का गाठीला?’’

‘‘तुमच्या? छे हो. तुमचं पाहावं लागतं का? मी आपलं पाहिलं म्हटलं.’’ ती हसली. ‘‘आमच्याकडे मोठे डॉक्टर दात काढतात तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, हाच दात ना म्हणून?’’

‘‘विचारत नाही?’’

‘‘नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘विचारायला हवं खरं.’’

ताईने चहा घेतला नाही. तिला ठाऊक होतं की उद्या धारेवर ही बाई दुसऱ्या कुणाच्या दोराला जोडलेली असेल आणि आपल्याहून वरचढ वाटणाऱ्या कुणाच्याही गाठीला हात न लावता ‘पाहिलं’ म्हणेल. धारेवर दोन्ही बाजूंना काही नाही.

‘‘उद्यापासून प्रत्येक गाठीला हात लावायचा,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यासुद्धा.’’

‘‘हो ताई. बाकीच्यांच्या लावतेच मी.’’

बस. ताईने स्वतःशी हिशोब मिटवला. धोका सांगून झाला, नियम बजावून झाला, कुणाचा केसही वाकडा झालेला नाही. पाटीवर जायची गरज काय? पाटीवर गेलं की तीस दिवस खाली, आणि धारेवर पुन्हा पिटू. सात वर्षं होतील. आणि तिच्या त्या ओढीच्या गोष्टीत आणखी एक ओळ वाढेल: बघा, माझी ताईसुद्धा चुकते.

तिने नकाशा पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

*

पाच वाजता सगळे पाटीसमोर बसले. पुढे धारेवर जाणारे बारा, त्यांच्यामागे नव्या तुकडीतले अठरा, बाजूला प्रशिक्षक आणि मुक्कामाला थांबलेले परीक्षक. एकाने सांगितलं की त्याने स्टोव्ह तंबूच्या दाराशी पेटवला. एकीने सांगितलं की तिने ओले मोजे बदलायचा कंटाळा केला. लिहून झालं.

मग रिवाजाप्रमाणे नव्या तुकडीसाठी धाकटीने आपली गोष्ट सांगितली. ताईला ती गोष्ट धाकटीपेक्षा चांगली येते. ‘आणि मी वर बघत होते’ इथे ती थांबते. ‘पट्टा मात्र खाली होता’ इथे लोक हसतात. ‘त्या दिवशी माझा जोडीदार भिडस्त असता तर’ इथे ती चष्मा काढून पुसते. चष्मा स्वच्छ असतो. ती थांबली, लोक हसले, तिने चष्मा पुसला. टाळ्या झाल्या. आणि मग तिने जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

‘‘माझं सोडा,’’ ती म्हणाली. ‘‘चुकायचं नसतं कसं, ते बघायचं तर ही माझी ताई बघा. सव्वीस वर्षं. या पाटीवर एकदाही नाव नाही. आज बावन्नाव्या वर्षी भिंतीवर एक दोष नाही. मला जे येतं ते हिने शिकवलंय. टाळ्या हिच्यासाठी वाजवा.’’

वाजवल्या. आधीपेक्षा जोरात. डॉक्टर सगळ्यात जोरात.

ताईला आयुष्यभर हव्या असलेल्या टाळ्या त्या होत्या, आणि त्या पिटूने वाटल्या होत्या. जुना फ्रॉक धाकटीला द्यावा तशा. वाजत होत्या तोवर ताई समोरच्या पाटीकडे बघत होती. इथे अपराधाची भावना होती असं म्हणणं सोपं आहे, पण ती स्वतः तसं म्हणत नाही. तिचं म्हणणं असं की त्या क्षणी तिला एवढंच वाटलं: हिने पट्ट्याची एक साधी ओढ चुकवून चार वर्षं टाळ्या खाल्ल्या. माझ्याकडे त्याहून मोठी चूक आहे.

ती उठली.

‘‘माझी आजची चूक आहे,’’ ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. विनोद वाटला असावा.

‘‘सकाळी भिंतीवर मी अर्धी गाठ बांधून चढले. टोक माघारी फिरवलं नव्हतं. आठ मीटरवर दिसलं. तिथेच पुरी केली.’’

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजतील असं तिला वाटलं होतं, हेही ती नाकारत नाही. अंगणात असं काही शांत झालं की परीक्षकांचं नाक वाजलेलं सगळ्यांना ऐकू आलं. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटीच्या हातात चष्मा तसाच होता.

संचालकांनी खडू उचलून ताईपुढे धरला. ‘‘लिहा.’’

पहिला रकाना तिने भरभर भरला. दुसऱ्यापाशी ती थांबली. ‘तपासलं कुणी’.

‘‘मी,’’ डॉक्टर मागून म्हणाली. उभी राहिली. ‘‘मी पाहिलं म्हटलं. पाहिलं नव्हतं. ताईंचं काय बघायचं, असं वाटलं.’’

ताईने तिच्याकडे न बघता लिहिलं: जोडीदार. हात लावला नाही.

तिसरा रकाना. ‘का झालं’. तिने लिहिलं: बोलण्यात लक्ष होतं.

‘‘कुणाशी बोलण्यात?’’ संचालकांनी विचारलं.

‘‘बहिणीशी.’’

‘‘कशाबद्दल?’’

नव्यांचे छत्तीस आणि जुन्यांचे चोवीस डोळे मिळून साठ झाले तरी ताईला दोनच दिसत होते, आणि ते चष्म्याशिवाय होते. तिने फडक्याने ओळ पुसली आणि नवी लिहिली: लक्ष बहिणीकडे होतं.

संचालकांनी वाचलं. मान हलवली. ‘‘बसा.’’

परीक्षकांनी आपल्या फळीवरचा कागद काढला, ‘दोष नाही’ खोडलं आणि वर दुसरं काहीतरी लिहिलं. त्यांना दोन शिंका आल्या. कुणी ‘शाबास’ म्हणालं नाही, कुणी गाठीला तिचं नाव दिलं नाही. धारेच्या नकाशाची गुंडाळी ताईने स्वतःच पिशवीतून काढून बाकावर ठेवली आणि ती उचलायला पिटूने बराच वेळ घेतला.

*

साडेपाचला दोर धुवायच्या हौदापाशी दोघी बहिणी होत्या. ऊन अजून भिंतीच्या वरच्या टोकावर होतं.

‘‘मला आधी सांगायचंस,’’ धाकटी म्हणाली.

‘‘का? म्हणजे तू माझ्या वतीने छान सांगितलं असतंस?’’

‘‘मेली असतीस, ताई.’’

‘‘नाही मेले. टाळ्याही नाही मिळाल्या.’’

धाकटी दोर पिळत होती. दोर पिळायचा नसतो, सावलीत निथळू द्यायचा असतो. ताईने तिच्या हातातून तो काढून घेतला.

‘‘तुला एक सांगू?’’ धाकटी म्हणाली. ‘‘रागावू नकोस.’’

‘‘सांग. रागवायचं की नाही ते माझं मी बघते.’’

‘‘तू बोलत होतीस ना, तेव्हा मला आधी भीती वाटली. मग वाटलं, आता माझी गोष्ट संपली. माझा पट्टा जमिनीवर सापडला होता. तुझी गाठ आठ मीटरवर. उद्यापासून नव्यांना तुझंच सांगणार सगळे. मी तिथे बसून हे मोजत होते गं. तू जिवंत आहेस, आणि मी मोजत होते.’’

ताईने तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला बहिणीच्या चेहऱ्यावर आपल्या ओळखीचं काहीतरी दिसलं होतं आणि त्याचा तिला आनंद झाला, हे तिला लपवता आलं नाही.

‘‘म्हणजे तुलाही होतं?’’

‘‘काय?’’

‘‘पोटात दुखतं?’’

‘‘त्या मोहिमेपासून,’’ धाकटी म्हणाली. ‘‘तू खाली आणलेल्या त्या बाई दर वर्षी कचेरीत पत्र पाठवतात. तुझ्या नावाने. मी वर जाऊन फोटो आणला. मला आजवर कुणाचं पत्र नाही आलं.’’

‘‘पत्र मीच वाचते. तीन ओळींचं असतं.’’

‘‘मला माहितेय. मीही वाचते. टपाल आधी कचेरीतच येतं.’’

‘‘माझी पत्रं फोडतेस?’’

‘‘उघडीच असतात, कार्ड असतं.’’

‘‘तरीही,’’ ताई म्हणाली.

यावर दोघींपैकी कुणी हसलं नाही. ताईने दोर सावलीतल्या आडव्या बांबूवर पसरला. धारेवर पिटू जाणार होती. जळजळ कमी झालेली नव्हती. उलट आता तिला जळायला आणखी एक गोष्ट मिळाली होती: पिटूने हौदापाशी जे सांगितलं तेही तिने आधी सांगून टाकलं, आणि आपल्यापेक्षा नेमकं.

‘‘तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडून ढग येतील,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारी दोननंतर धारेवर थांबू नकोस. कितीही जवळ आलेलं असो.’’

‘‘माहितेय गं.’’

‘‘माहितेय म्हणूनच सांगतेय. तुला माथा दिसला की ऐकू येत नाही.’’

‘‘डॉक्टरला घेऊन जाऊ का?’’

‘‘नाही. ती माझ्याकडे राहील. अजून हात लावायला शिकायचीय.’’

कचेरीतल्या फळ्यावर सहा वाजता उद्याचं वेळापत्रक लागलं. धारेची गाडी साडेसहाला सुटेल: अकरा शिकाऊ, प्रमुख मॅडम. त्याखाली भिंतीची ओळ: नवी तुकडी, सकाळी सात ते दहा, पायथ्याशी तपासणी ताई आणि दातांच्या डॉक्टर, तीस दिवसांपैकी पहिला.